गीतस्सर आणि सरभञ्ञ : अलीकडे ऐकलेल्या काही ध्वनिमुद्रिकांच्या निमित्ताने

१

वर्षावासाच्या तीन महिन्यांत आपल्या विहारांतून सायंकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वाचनाची ही प्रथा आता चांगली रुजली आहे. गेल्या वर्षावासात आम्ही तिला श्रवणाची जोड दिली. पहाटे तासभर काही जुन्या आणि काही नव्या ध्वनिमुद्रिका, म्हणजे आजच्या बोलीत ज्यांना अल्बम म्हणतात त्या, एकामागून एक ऐकत गेलो. काही मित्रांनी आग्रहाने दिलेल्या होत्या, काही ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरील दुकानांतून वर्षानुवर्षे जमा झालेल्या होत्या, तर काही लहानपणीच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या होत्या. ज्या मनात राहिल्या आणि पुन्हा ऐकाव्याशा वाटल्या, तेवढ्यांचाच विचार येथे करावयाचा आहे.

एखादे गाणे आवडले म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न पालीच्या अभ्यासकास टाळता येत नाही. उपोसथाच्या दिवशी जी आठ शीले पाळली जातात, त्यांतील सातव्यात नृत्य, गीत आणि वादन यांपासून विरत राहण्याचा संकल्प आहे. तेवढ्यावरून बुद्धशासनात संगीतास स्थानच नाही, असा निष्कर्ष काढणारे अनेक आहेत. तिपिटक मात्र इतके एकसुरी नाही. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख हा गंधर्व इंदसाल गुहेपाशी बेलुवपंडु वीणा वाजवीत गातो. गाणे एका तरुणीवरील प्रेमाचे आहे आणि त्यातच बुद्ध, धम्म आणि अर्हंत यांचेही उल्लेख येतात. भगवंत त्यास रागे भरत नाहीत. तारांचा स्वर गीताशी आणि गीताचा स्वर तारांशी कसा जुळला आहे, कोणीही कोणावर कुरघोडी करीत नाही, याची ते प्रशंसा करतात. उत्तम रसिकाचे हे बोलणे आहे.

दुसरा प्रसंग सोण कुटिकण्ण या भिक्खूचा आहे. तो अवंती-दक्षिणापथाचा, म्हणजे आपल्या बाजूचा. जेतवनात भगवंतांच्या सांगण्यावरून तो अट्ठकवग्गाची सोळाही सुत्ते सस्वर म्हणतो. त्याच्या पठणाची स्तुती करताना भगवंत त्याच्या वाणीचे गुण सांगतात : ती स्पष्ट आहे, निर्दोष आहे आणि अर्थ पोहोचविणारी आहे. या शेवटच्या गुणाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे.

तिसरा उतारा विनयातील आहे आणि आमच्या दृष्टीने तोच निर्णायक होय. चुल्लवग्गात सांगितले आहे की, छब्बग्गिय भिक्खू दीर्घ ताना घेत, गाण्याच्या सुरात धम्म म्हणू लागले. भगवंतांनी या 'आयतक गीतस्सरा'चे पाच दोष सांगून ते बंद केले. पहिला, म्हणणारा स्वतःच आपल्या स्वरावर लुब्ध होतो. दुसरा, ऐकणारेही त्या स्वरावर लुब्ध होतात. तिसरा, गृहस्थ नावे ठेवतात की, आम्ही गातो तसेच हे श्रमणही गातात. चौथा, स्वराच्या कारागिरीमागे लागल्याने चित्ताची एकाग्रता मोडते. पाचवा, पुढची पिढी हाच कित्ता गिरवते. यानंतर काही भिक्खूंना शंका आली की, मग सस्वर पठणही वर्ज्य समजावे काय? तेव्हा भगवंतांनी 'सरभञ्ञ' म्हणजे सस्वर पठणास अनुज्ञा दिली.

या दोहोंतील सीमारेषा कोठे? आचार्य बुद्धघोषांनी 'समन्तपासादिके'त ती नेमकी दाखविली आहे. वृत्त मोडून आणि अक्षरांचा नाश करून जे गायले जाते ते गीतस्सर. सरभञ्ञाच्या बत्तीस रीती असल्याचे ते सांगतात, परंतु त्या सर्वांचे लक्षण एकच देतात : पद आणि व्यंजन यांचा नाश न करता, श्रमणास शोभेल अशा 'चतुरस्स', म्हणजे चौरस, आटोपशीर पद्धतीने म्हणणे. स्वर असावा की नसावा, हा वाद येथे नाहीच. स्वराखाली शब्द जिवंत राहतो की मरतो, एवढाच प्रश्न आहे. हीच मोजपट्टी घेऊन आम्ही ऐकत गेलो. ती आमच्याच आवडीनिवडीवर उलटेल, याची मात्र आम्हास तेव्हा कल्पना नव्हती.

२

प्रारंभ मलेशियातील संगीतकार व गायिका इमी उई यांच्या 'द चँट ऑफ मेत्ता' या ध्वनिमुद्रिकेने करू. आपल्याकडे ती अनेक घरांत आणि विहारांत वाजते; पुष्कळांना गायिकेचे नावही ठाऊक नसते. स्त्रीचा मृदू आवाज, त्यामागे संथ वाद्यमेळ, आणि एकच चाल लाटेसारखी पुन्हा पुन्हा येणारी. आम्हास ती प्रथम ऐकली तेव्हाही आवडली होती आणि आजही आवडते. दिवसभराच्या दगदगीनंतर ती लावली की खोलीतील हवाच जणू बदलते.

अनेकांची समजूत आहे की, हे करणीय मेत्त सुत्त होय. ती चुकीची आहे. हा मैत्रीभावनेचा गद्य पाठ आहे. त्याची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. प्रथम स्वतःविषयी : मी वैररहित असो, द्वेषरहित असो, सुखाने राहो. मग आई-वडील, आचार्य, नातलग, मित्र. मग आवारातील साधक, भिक्खू, श्रामणेर, उपासक-उपासिका, दान देणारे. मग स्त्रिया, पुरुष, अरिय, अनरिय, देव, माणसे, दुर्गतीत पडलेले. आणि शेवटी दाही दिशांतील सर्व प्राणी. (येथील 'अनरिय' हा शब्द वंशवाचक नव्हे, धम्ममार्गावर अद्याप न आलेला, एवढाच त्याचा अर्थ.) पाण्यात खडा टाकावा आणि वर्तुळे रुंदावत जावीत, तसा हा पाठ आहे.

प्रश्न असा की, ही रुंदावत जाणारी वर्तुळे ध्वनिमुद्रिकेत ऐकू येतात काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. चाल स्वतःच्या ठिकाणी जेवढी गोड, तेवढीच ती दाही दिशांच्या ठिकाणी गोड. आई-वडिलांवरून परक्यांवर जाताना मनास जो अडथळा ओलांडावा लागतो, त्याची खूण संगीतात कोठेच नाही. संथ लयीत ऱ्हस्व अक्षरे ताणली जातात आणि पालीत ज्या ऱ्हस्व-दीर्घावर शब्दाची ओळख अवलंबून असते, तो भेद विरघळतो. बुद्धघोषांच्या भाषेत, व्यंजने पुरती नष्ट होत नाहीत, पण झोपी जातात.

याचा आम्हास आलेला एक अनुभव सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. आमच्या विहारात नियमाने येणाऱ्या एका वृद्ध उपासिकेने ही ध्वनिमुद्रिका नातवाकडून मोबाईलवर घेतली होती. पहाटे चार वाजता झोप मोडली की त्या ती लावीत. एके दिवशी त्यांनी विचारले, "सर, ती बाई एवढं गोड म्हणती, पर कुणाबद्दल म्हणती?" आम्ही ओळीने अर्थ सांगत गेलो. त्या मान डोलावीत होत्या. सर्व माणसे या ठिकाणी आलो तेव्हा त्यांनी थांबविले. "म्हंजी ज्यांनी आमची पाण्याची घागर फोडली, त्यांचंबी त्यात येतं का?" आम्ही म्हटले, "येते. पण त्यांनी केले ते बरोबर होते, असे त्यात कोठेही नाही. पहिली ओळ तुमच्याविषयीची आहे. वैराचे ओझे प्रथम तुमच्या डोक्यावरून उतरावे, असे ती म्हणते." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ऐकायला सोपं होतं सर. आता अवघड करून ठेवलंत."

इतकी वर्षे पाली शिकविल्यानंतर ध्वनिमुद्रिकेविषयी इतके अचूक परीक्षण आम्ही वाचलेले नाही. अर्थ कळेपर्यंत जे गुंगीचे औषध होते, ते अर्थ कळताच काम होऊन बसले. मैत्री ही मुळात सोपी नाहीच. अन्याय सोसलेल्या माणसाकरिता तर ती सर्वांत कठीण भावना होय. जी ध्वनिमुद्रिका ती सोपी करून देते, ती काहीतरी वगळून देत असली पाहिजे.

आणखी एक मुद्दा. या पाठाच्या शेवटी 'कम्मस्सक' हा शब्द येतो : प्राणी आपापल्या कम्माचे धनी आहेत. पूर्वजन्मीच्या पापाने अस्पृश्यता आली, असे ज्यांना शतकानुशतके ऐकविण्यात आले, त्यांनी या शब्दापाशी थांबून विचार केला पाहिजे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचे ओझे माणसावर लादणारी कल्पना नाकारली आणि कम्म म्हणजे नैतिक व्यवस्था, असा अर्थ मांडला. गोड सुरात हा शब्द ऐकणाऱ्याच्या कानावरून निघून जातो. त्यास कोणी हटकत नाही. शब्द झोपी गेला की त्याच्याशी वादही होत नाही, हे गीतस्सराचे आणखी एक नुकसान म्हणावे लागेल.

याउलट श्रीलंकेतील रात्रभर चालणाऱ्या पिरिताचे पठण ऐकावे. मंडपात बसलेले भिक्खू आळीपाळीने मंगल, रतन आणि मेत्त ही सुत्ते म्हणतात. स्वरांचा आवाका लहान, वाद्य नाही, आवाज मुद्दाम गोड करण्याचा प्रयत्न नाही. अक्षर मात्र स्वच्छ. 'चतुरस्स' म्हणजे काय, हे ज्यास कानाने समजून घ्यावयाचे असेल, त्याने हे पठण ऐकावे. प्रारंभी ते रुक्ष वाटते; आठवड्यानंतर त्याची गोडी लागते. तेथेही दोष आहे. रक्षणासाठी हातास बांधलेला दोरा आणि कानावरून गेलेले शब्द एवढ्यावरच अनेकांचे समाधान होते. अर्थाची गरज स्वच्छ उच्चारानेही पूर्ण होत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

३

हिमालयाच्या बाजूच्या दोन ध्वनिमुद्रिका आम्ही लक्षपूर्वक ऐकल्या. पहिली ग्युतो तांत्रिक महाविद्यालयाच्या भिक्खूंची 'फ्रीडम चँट्स फ्रॉम द रूफ ऑफ द वर्ल्ड', १९८९ साली अमेरिकेत निघालेली. १९५९ नंतर निर्वासित होऊन हे भिक्खू भारतात आले. १९६४ साली धर्माभ्यासक ह्युस्टन स्मिथ यांनी डलहौसी येथे त्यांचे पठण ऐकले आणि एकेक भिक्खू एकाच वेळी खर्जातील स्वर व त्यावरचा दुसरा स्वर काढतो, हे बाहेरच्या जगाच्या लक्षात आणून दिले. ऐकताना जमिनीखालून काही सरकत असल्याचा भास होतो. आमची मोजपट्टी येथे अपुरी पडते, कारण या पठणात शब्द सर्वांना कळावा, असा हेतूच नाही. ते दीक्षितांचे साधन आहे. आम्ही ते आदराने ऐकतो. परंतु जी परंपरा ज्ञान मूठभरांपुरते राखून ठेवते तिच्याविषयी, ज्यांना अक्षरच नाकारले गेले होते त्या समाजातील श्रोत्याच्या मनात एक अंतर राहते. हे अंतर लपवून ठेवणे आम्हास प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

दुसरी, नेपाळच्या आनी चोयिंग डोल्मा आणि अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह टिबेट्स यांची 'च्यो', १९९७ सालची. ही आमच्या विशेष आवडीची आहे. काठमांडूजवळील नागी गुंबा या भिक्षुणींच्या मठात टिबेट्स यांनी हा आवाज प्रथम ऐकला. 'च्यो' या तिबेटी शब्दाचा अर्थ छेदन. अकराव्या-बाराव्या शतकातील माचिग लाब्द्रोन या स्त्रीच्या नावाशी ही साधना निगडित आहे. तीत साधक आपले शरीरच सर्व प्राण्यांना, अगदी भयावह शक्तींनाही, अर्पण केल्याची कल्पना करतो आणि 'मी'ची मुळी तोडतो. डमरू आणि घंटा यांसह ही साधना गाऊनच केली जाते. गाणे येथे साधनेवरील अलंकार नाही. भुताखेतांची भाषा आपल्या बुद्धिवादी वाचकास खटकेल. ती आम्हासही खटकली. परंतु तिच्या आतला आशय पाहिला तर अनात्मवादाचाच तो एक लोकभाषेतील आविष्कार आहे.

या ध्वनिमुद्रिकेतील संयम वाखाणण्यासारखा आहे. गिटार आवाजाच्या पुढे जात नाही. कित्येकदा ती नुसती जमीन धरून राहते. पञ्चसिखाच्या वीणेविषयी भगवंतांनी जे म्हटले, त्याची येथे आठवण होते. आणि आवाज? तो गोड करण्यासाठी घासलेला नाही. घरातील मारहाणीपासून सुटण्यासाठी किशोरवयात मठात आलेल्या मुलीचा हा आवाज आहे, असे त्यांच्या आत्मचरित्रावरून कळते. पुढे याच आवाजाच्या मिळकतीतून त्यांनी भिक्षुणींच्या शिक्षणाकरिता आर्य तारा शाळा उभी केली. भिक्षुणीने रंगमंचावर गावे काय, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. विनयाच्या काटेकोर अर्थाने तो आक्षेप निराधार नाही. तरीही पाच दोषांपैकी पहिला, स्वतःच्या स्वरावर लुब्ध होण्याचा, आम्हास या गायनात ऐकू आला नाही. शरीर देऊन टाकण्याचे गाणे म्हणताना गायिका आवाजही देऊन टाकते.

४

आता घराकडे वळू. आमच्या लहानपणी, १९८० नंतरच्या दशकात, वस्तीत कॅसेट आली आणि १४ एप्रिलच्या पहाटे कर्ण्यातून जो आवाज येई त्यानेच आम्ही जागे होत असू. तो बहुधा प्रल्हाद शिंदे यांचा असे. त्या कॅसेटवरून उतरविलेली गाणी यंदा पुन्हा ऐकली. ध्वनिमुद्रण साधे, ढोलकी, पेटी, मागे कोरस, मधूनच फितीची खरखर. तरीही ऐकताना आम्ही चकित झालो. उंच पट्टीतील मोकळा गळा, कव्वालीची फिरत, आणि इतक्या वेगातही एकही व्यंजन गिळलेले नाही! कर्ण्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसास शब्द कळला पाहिजे, या गरजेतून हे गायन घडले आहे. विनयाचा एकही शब्द न वाचलेल्या गायकांनी अक्षर न मोडण्याचा नियम विद्यापीठातील आमच्यापेक्षा चोख पाळला.

या गाण्यांमागची परंपरा जलशाची. भीमराव कर्डक आदी जलसाकारांनी १९३० नंतरच्या काळात गावोगाव ती नेली. या जलशांचे मोल बाबासाहेबांनी आपल्या सभांहून अधिक मानले, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. पुढे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी या गीताला स्वतंत्र काव्याची उंची दिली. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस शाळेत शिकू शकला नाही. अक्षरओळख त्यांना प्रौढपणी मुंबईत झाली. पुढे त्यांनी हजारो गीते रचली.

वामनदादांवर आणि एकूणच भीमगीतांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, चाली चित्रपटांतून उसन्या घेतलेल्या आहेत. आम्हीही विद्यार्थीदशेत असेच म्हणत असू. यंदा ऐकताना आमचे मत पालटले. नवी आणि सुंदर चाल ऐकली की कान चालीवर खिळतो. पाच दोषांतील दुसरा तो हाच. चाल आधीच सर्वांच्या तोंडात असली की तिच्यावर लक्ष खर्च करावे लागत नाही, आणि सारे लक्ष नव्या शब्दांवर जाते. ओळखीच्या चालीत अनोळखी शब्द आला की श्रोता दचकतो आणि नीट ऐकू लागतो. उसनी चाल ही येथे गरिबी नसून युक्ती आहे. अर्थ पोहोचविणारी वाणी या कसोटीवर ही गीते, आमच्या मते, वर उल्लेखिलेल्या महागड्या ध्वनिमुद्रणांपेक्षा सरभञ्ञाच्या अधिक जवळ आहेत.

आणि विनयातील तिसरा दोष येथे लागूच होत नाही. 'आम्ही गातो तसेच हे श्रमण गातात', ही गृहस्थांची तक्रार होती. म्हणजे गृहस्थ गात होते, आणि त्यांच्या गाण्यास भगवंतांनी तेथे नाव ठेवलेले नाही. भीमगीत हे उपासकांचे गाणे आहे. त्याने भिक्खूंच्या पठणाची नक्कल करू नये आणि भिक्खूंनी त्याची करू नये.

तथापि आवड म्हणजे डोळे मिटणे नव्हे. प्रल्हाद शिंदे यांच्या ज्या गळ्याने भीमगीते गायली, त्याच गळ्याने विठ्ठलाचीही लोकप्रिय गाणी गायली. पोटासाठी गाणाऱ्या कलावंतास त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार, ज्यांना दरमहा वेतन मिळते अशा आमच्यासारख्यांना नाही. दोष आहे तो साच्याचा. देवाला आळविण्याचा साचा जसाच्या तसा ठेवून केवळ नाव बदलले, की बाबासाहेब उद्धारक अवतार होऊन बसतात आणि गाणारा पुन्हा याचक होतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजास हा साचा परवडणारा नाही. कॅसेटच्या धंद्यात अशा गाण्यांचे प्रमाण वाढत गेले. वामनदादांच्या उत्तम गीतांत बाबासाहेबांचे नाव येते ते बहुधा जबाबदारीची आठवण म्हणून; ऐकणाऱ्यास ते उभे करते, वाकवीत नाही. फरक बारीक आहे, पण तोच महत्त्वाचा आहे.

आणि अलीकडची डीजेची ध्वनिमुद्रणे? त्यांच्यावर आम्ही फार शब्द खर्च करीत नाही. जुन्याच गीतांखाली छातीत धडकणारा ठोका घातला जातो आणि शब्द त्याखाली चिरडला जातो. तरुणांचा नाचण्याचा आनंद आम्हास मान्य आहे. शतकानुशतके ज्यांना रस्त्याच्या कडेने चालावे लागले त्यांनी रस्त्याच्या मधोमध नाचावे, यात एक न्याय आहे. परंतु त्या ठोक्यात जे हरवते ते तेच शब्द आहेत, ज्यांनी रस्त्याच्या मधोमध येण्याचे बळ दिले. पुढची पिढी हाच कित्ता गिरवते, हा पाचवा दोष येथे अक्षरशः खरा ठरताना दिसतो.

५

एवढे लिहून आम्ही स्वतःवर खूश होतो. तेवढ्यात एका मित्राने चेन्नईच्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या वाद्यवृंदाची गाणी ऐकविली. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने आणि संगीतकार तेन्मा यांच्या साथीने हा वृंद २०१८ साली लोकांसमोर आला. उत्तर चेन्नईतील दलित वस्त्यांतील 'गाना' हा गीतप्रकार, रॅप आणि रॉक यांचा त्यात मेळ आहे. वृंदाचे नाव अयोथी दास पंडितर (१८४५-१९१४) यांच्या 'जातिविहीन तमिळ' या कल्पनेवरून घेतलेले आहे. अयोथी दासांनी १८९८ साली मद्रासेत शाक्य बौद्ध संस्था स्थापन केली, हे आपल्या वाचकांस स्मरत असेलच. म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या अठ्ठावन्न वर्षे आधी. हा धागा आमच्या मनास फार भिडला.

आम्हास तमिळ येत नाही. एकही वाक्य कळत नसताना आम्ही ती गाणी तीनदा ऐकली आणि ताल धरला. परै या चर्मवाद्याचा नाद सुरू झाला तेव्हा अंगावर शहारा आला. आपल्याकडे हलगीस ज्या नजरेने पाहिले गेले, त्याच नजरेने तेथे परैकडे पाहिले गेले. आणि ते वाद्य आता मंचाच्या मध्यभागी होते. मग लक्षात आले की, पहाटे चार वाजता मेत्ता ऐकणाऱ्या त्या उपासिकेत आणि आमच्यात काहीही फरक नाही. अर्थावाचून आम्हीही स्वरावर लुब्ध झालो होतो. मोजपट्टी आमच्यावर उलटली ती अशी.

मित्राने नंतर एकेका गाण्याचा आशय सांगितला. एक गाणे आरक्षणावर होते. जे तालात केवळ मौजेचे वाटले होते, ते प्रत्यक्षात मुद्देसूद उत्तर होते. चौथ्यांदा ऐकले ते वेगळेच गाणे होते. ताल तोच होता. आम्ही मात्र त्यावर डोलत नव्हतो, ऐकत होतो.

यावरून आमच्या मतात थोडी दुरुस्ती करणे भाग आहे. स्वरावर लुब्ध होणे हा दोष खरा, पण तो आरंभीचा दोष आहे. स्वर माणसास दारापर्यंत आणतो. त्या उपासिकेला तो आवाज आवडला नसता तर अर्थ विचारण्याची वेळही आली नसती. पञ्चसिखाच्या वीणेने सक्काच्या प्रश्नांना वाट करून दिली, हेही विसरता येत नाही. दोष घडतो तो दारात आणून तेथेच झोपविण्यात.

६

येथवरच्या विवेचनातून काही व्यवहार्य गोष्टी निघतात. आपल्या विहारांतून वंदना, परित्राण आणि सुत्ते यांची जी ध्वनिमुद्रणे लावली जातात, त्यांत प्रत्येक गाथेनंतर मराठी अर्थ, साध्या बोलण्याच्या आवाजात, असलाच पाहिजे. हे काही आमचे नवे सांगणे नाही. बाबासाहेबांच्या ग्रंथमालेचा सोळावा खंड, जो १९९८ साली प्रसिद्ध झाला, तो उघडून पाहावा. त्यात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदीत दिलेला कोश आहे आणि बौद्ध पूजापाठही आहे. ढासळत्या प्रकृतीत, राज्यघटनेचे काम केलेल्या माणसाने पाली व्याकरण आणि कोश यांवर श्रम घेतले ते आम्ही न कळता गोड गळ्याने म्हणावे म्हणून नव्हे. ज्यांना वेदाचा शब्द ऐकण्याचीही बंदी होती, त्यांना त्यांनी असा शब्द दिला ज्याचा अर्थ विचारता येतो. न समजता म्हटलेली पाली ही आपल्याकरिता दुसरी संस्कृत होऊन बसेल. एवढा मोठा धोका या लहानशा प्रश्नात दडलेला आहे.

दुसरी गोष्ट, भीमगीतांच्या ध्वनिमुद्रणांवर गीतकाराचे नाव छापले जावे. वामनदादा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफीत, म्हणून काही गीते तरी ओळखता येतात. ज्यांनी नाव गुंफले नाही असे कितीतरी कवी नावाविना वाजत आहेत. तिसरी गोष्ट, जुन्या कॅसेट ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्या फेकू नयेत. फीत ओलीने खराब होते. ती वेळीच उतरवून घ्यावी आणि जवळच्या विहाराच्या ग्रंथालयात एक प्रत द्यावी. पुढे कोणी या गीतांचा अभ्यास करू लागेल तेव्हा छापील पुस्तकापेक्षा ही फीत अधिक सांगेल, कारण शब्द कसा उच्चारला गेला हे तिच्यातच आहे.

हा लेख पुरा करण्यापूर्वी आम्ही त्या उपासिकेस भेटलो आणि ती ध्वनिमुद्रिका अजून ऐकता काय, असे विचारले. त्या म्हणाल्या, "ऐकते की. पर आता नुसती ऐकत न्हाई, संगं मनात म्हणते. आईबाप, पोरंबाळं, विहारातली माणसं, इथवर जमतं. पुढं सगळ्या माणसांचं आलं की बंद करते. तेवढं अजून जमत न्हाई." आम्ही त्यांना काही उपदेश केला नाही. ध्वनिमुद्रिका कोठे थांबवावी हे ज्या श्रोत्यास कळते, तिच्या कानावर शब्द पोहोचला आहे, एवढेच आम्ही म्हणू शकतो.